सरासरी पिवळी

आमच्या दुकानात बांगडी फुटायची नाही, वाढायची. कासाराच्या घरात ‘फुटली’ असा शब्द कुणी काढला तर माय पाठीत धपाटा घालायची, आणि समोर गिऱ्हाईक बसलेलं असलं तर नाना नुसते डोळे वटारायचे, ते धपाट्यापेक्षा वाईट. पण वाढायच्या मात्र पुष्कळ. गवतात बांधून आलेली खोकी उघडली की तळाशी रंगीत चुरा असायचाच. तो नाना एका जुन्या घमेल्यात टाकायचे आणि घमेलं मागच्या ओट्याखाली सरकवून द्यायचे. धुळ्यातलं आमचं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या. दिवसभर पुढून काकणांचा किणकिणाट, मागून स्टोव्हचा आवाज, आणि मधल्या दारात उभी राहून दोन्हीकडे एकदम बोलणारी माय. ती शिंदखेड्याकडची, तिची अहिराणी शेवटपर्यंत तशीच राहिली. नाना गिऱ्हाइकांशी बोलून बोलून शहरी झाले होते. लोक मला विचारतात, तुम्ही संख्याशास्त्राकडे कशा काय वळलात? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं म्हणजे मी त्या घमेल्यातून आले.

छबू माझ्यापेक्षा बरीच लहान. मधली दोन भावंडं राहिली नाहीत, त्यामुळे तिचे लाड जरा जास्तच. शाळेतून आली की दप्तर फेकून थेट दुकानात, आणि गिऱ्हाईक बायकांना ‘तुम्हाला मोरपंखी शोभेल’ असं सांगायला मोकळी. नानांची नजर अशी की बाईचा हात हातात घ्यायच्या आधीच माप सांगायचे, दोन-चार की दोन-सहा. एका वर्षी छबूच्या हातातून बांगड्या आपोआप गळायला लागल्या. माय म्हणाली, पोरगी उंच होतेय, म्हणून वाळली. नानांनी तिला एक माप लहान भरलं. तेही काही दिवसांत गळालं, तेव्हा त्यांनी भर बाजाराच्या दिवशी दुकान बंद केलं आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. ती तोवर तांब्यावर तांब्या पाणी पीत होती, आणि आम्ही म्हणत होतो, ऊन किती आहे.

साखरेचा आजार निघाला. म्हाताऱ्यांना होतो तो वेगळा, हा वेगळा, असं डॉक्टर म्हणाले. रोज सकाळी सुई, जन्मभर. जन्मभर म्हणजे किती, ते नानांनी विचारलं नाही. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात दोन नव्या गोष्टी आल्या. एक म्हणजे काचेची सिरिंज, जी रोज पातेल्यात उकळायची आणि उकळताना तळाशी टकटक वाजायची. औषधाची बाटली फ्रीज नसल्यामुळे माठाखालच्या ओल्या वाळूत असायची. दुसरी म्हणजे तपासायची नळी. नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात छबूच्या लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, मग नारिंगी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटकरी. एकीकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी भाजायची आणि दुसरीकडे हे उकळायचं. माय दोन्हीकडे लक्ष ठेवून असायची आणि दोन्हीकडे तिचे हात सारखेच भाजायचे.

नाना आठवड्यातले बरेच दिवस बाहेर. सोनगीरचा बाजार, शिंदखेड्याचा बाजार, मध्ये कुणाच्या लग्नात चुडा भरायला जायचं. संध्याकाळी परत आले की पायातली चप्पल काढायच्या आधी त्यांना एकच हवं असायचं, आज पोरीचं काय. मायला लिहिता येत नव्हतं, आणि दिवसातून दोन-तीन वेळा तपासलेलं तिच्या लक्षात राहायचं नाही. तेव्हा नानांनीच युक्ती काढली. घमेल्यातून पाच रंगांचे तुकडे निवडले, आणि गोळ्यांची रिकामी बरणी चुलीशेजारच्या फळीवर ठेवली. नळीत जो रंग येईल त्या रंगाचा तुकडा बरणीत टाकायचा. नाना आले की बरणी उजेडाला धरून वरचे तुकडे बघायचे. निळे असले तर आधी चहा मागायचे. विटकरी असले तर तसेच ओट्यावर बसून राहायचे.

कुणी सांगितलं म्हणून कारल्याचा रस झाला, मेथी झाली, एका बुवाचा अंगारा झाला. छबूच्या जिभेची पार वाट लागली. तरी बरणीत निळ्यावर विटकरी आणि विटकरीवर निळा पडतच राहिला. काल जे खाल्लं तेच आज खाल्लं, तेवढीच सुई दिली, तरी रंग वेगळा. माय म्हणायची, ‘ह्या पोरना आंगमा दोन पोरी शेत.’ एकीच्याच अंगात दोन पोरी, हे मला तेव्हा हसण्यावारी न्यायचं बोलणं वाटलं.

पुढे मी कॉलेजसाठी जळगावला आत्याकडे राहायला गेले. आमचे संख्याशास्त्राचे सर असोद्याचे, घरची केळी. मोटरसायकलवरून येताना शर्टाला चिकाचे काळे डाग घेऊन यायचे आणि त्याची त्यांना मुळीच लाज नव्हती. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर दोन ओळी मांडल्या. त्यांच्या शेताचे दोन तुकडे, दोन्हीकडच्या घडांची वजनं. दोन्हींची सरासरी एकच. ‘आता सांगा, व्यापारी कोणत्या तुकड्यात गाडी लावेल?’ सर म्हणाले, एका तुकड्यात सगळे घड सारखे, दुसऱ्यात एक पहिलवान आणि एक पाप्याचं पितर. सरासरीला ते दिसत नाही, सरासरी आंधळी असते. मग त्यांनी सांगितलं, सगळ्यात मोठ्यातून सगळ्यात लहान वजा करा, तो विस्तार. पण त्यात फक्त दोन टोकं बोलतात, मधले सगळे मुके. म्हणून प्रत्येक घड सरासरीपासून किती लांब आहे ते मोजा आणि बेरीज करा. आम्ही केली. शून्य आलं. परत केली, परत शून्य. सर खूश होऊन हसत होते. ‘येणारच. जितकं वर तितकंच खाली. उणं आणि अधिक एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून काय फरक नाहीच म्हणायचं का?’ मग त्यांनी वर्ग करायला शिकवलं. वर्ग केला की उण्याचंही अधिक होतं. त्यांची सरासरी काढा, वर्गमूळ घ्या, झालं प्रमाण विचलन. ‘लक्षात ठेवा, ह्या मापाला वर-खाली कळत नाही. सरासरीपासून लांब गेला तो लांब गेला, मग तो कुठल्या का बाजूला असेना.’ वर्गातल्या पोरांनी ते उतरवून घेतलं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र केळीचे घड नव्हते, आमची बरणी होती.

त्या शनिवारी मी एसटीने धुळ्याला आले आणि बरणी परातीत ओतली. छबू समोर येऊन बसली. आम्ही दोघींनी रंग वेगळे केले. निळ्याला शून्य, हिरव्याला एक, पिवळ्याला दोन, नारिंगीला तीन, विटकरीला चार. एका बाजूला निळ्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला विटकरींचा तेवढाच, आणि मध्ये चिमूटभर. सरासरी काढली तर दोनच्या आसपास आली.

‘दोन म्हणजे पिवळा,’ छबू म्हणाली. ‘पण पिवळे तर हे एवढेसेच आहेत.’

‘हो. सरासरीने तू पिवळी आहेस, आणि पिवळी तू जवळजवळ कधीच नसतेस.’

तिला त्याची भयंकर गंमत वाटली. हळद लागल्यासारखे हात गालांना लावत ती मायकडे वळली आणि अहिराणीत म्हणाली, ‘माय, मी पिवळी कव्हय व्हसू व?’ माय हसली, मग एकदम हसायची थांबली आणि स्टोव्हला पंप मारू लागली. पोरीच्या हळदीचा विचार आमच्या घरात कुणी तोंडाने बोलून दाखवत नसे.

मी बरणी घेऊन डॉक्टरांकडे गेले. मला वाटलं होतं, मी काहीतरी शोधून काढलंय. डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी बरणी हातात घेऊन फिरवली, मी कागदावर काढलेलं प्रमाण विचलन नीट वाचलं आणि म्हणाले, ‘बरोबर आहे तुमचं. ह्या आजाराचा त्रास हाच. साखर जास्त असते हा नव्हे, ती हेलकावे खाते हा.’ मी विचारलं, मग काय करायचं? ते म्हणाले, वेळेवर सुई, वेळेवर खाणं. सुईनंतर उपाशी ठेवायचं नाही. दोन्ही टोकं टाळायची. मी म्हटलं, ते तर आम्ही करतोच. ‘मग याच्यापुढे माझ्याकडेही काही नाही,’ ते म्हणाले आणि बरणी माझ्या हातात परत दिली. त्यांच्यावर मला राग धरता आला नाही, तेवढंही समाधान मिळालं नाही. मोजता आलं म्हणजे आवरता येईल असं मी धरून चालले होते. ते त्या दिवशी संपलं, आणि खरं सांगायचं तर पुन्हा कधी सुरू झालं नाही.

घरी येऊन मी मायला सांगितलं, विटकरी वाईट तसं फार निळंही वाईट असू शकतं. तिने माझ्याकडे असं बघितलं की कॉलेजात पोरी बिघडतात ते खरंच म्हणायचं. तिच्या लेखी निळं म्हणजे पास आणि विटकरी म्हणजे नापास. आणि यात तिचं काय चुकलं? नळी तसंच सांगत होती. साखर नाही इतकंच नळीला कळायचं, रक्तात ती किती खाली गेली आहे ते सांगायची तिची ऐपत नव्हती.

महिन्यातून एकदा तपासणीला जायचं असायचं, त्याची मायच्या डोक्यात एक पद्धत बसली होती. पाहुणे यायच्या आधी आपण घर सारवतो ना, तशी ती छबूला सारवायची. तपासणीच्या आदल्या दिवसापासून भाकरी अर्धी, भात बंद. आणि त्या सकाळी सुई झाली तरी डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत काही खायला नाही. डॉक्टरांना चांगलं दिसावं एवढंच तिचं म्हणणं. ‘बठ्ठास्ना समोर डॉक्टर बोलस, माले लाज वाटस,’ ती म्हणायची. एकदा खरंच त्यांनी भर दवाखान्यात तिला पोरीला काय खाऊ घालता म्हणून झापलं होतं. ते तिने मनाला लावून घेतलं. आधीच्या वेळा निभावून गेल्या. डॉक्टर रिपोर्ट बघून छान म्हणायचे, आणि माय येताना रस्ताभर ताठ मानेने चालायची. तो ‘छान’ कसा तयार झालाय हे त्यांना माहीत नव्हतं, नानांनाही नव्हतं. नाना पहाटे सुई देऊन बाजाराला निघालेले असायचे. मी जळगावला असायचे, मला तर हे सगळं नंतर कळलं.

मग आखाजी आली, आमच्याकडची अक्षय्य तृतीया. आखाजीला आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. माहेरी आलेल्या लेकी, त्यांच्या आया, आत्या, सगळ्यांना नव्या बांगड्या हव्या. बाहेर लिंबाला झोके बांधलेले, बायकांची गाणी, आणि घरोघरी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. मी सणापुरती आले होते. छबूला त्या दिवशी कुणी अडवलं नाही. मायनेच वाटी पुढे केली. पोरगी सणासुदीला सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसते, ते तिच्याने बघवेना. छबूने वाटी चाटूनपुसून घेतली आणि झोक्यावर जाऊन इतकी उंच चढली की खालून बायका ओरडायला लागल्या. माझ्याकडे तिची जी शेवटची आठवण आहे ती ही. माझी परीक्षा त्या वर्षी लांबली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी जळगावची गाडी धरली. निघताना बरणी बघितली. वरचा थर सगळा विटकरी होता.

पुढचं मला मायच्या तोंडून माहीत आहे. तिने ते इतक्यांदा सांगितलं की मी तिथे होते असंच वाटतं. तपासणी जवळ आली आणि नळी विटकरीवरून हलेना. डॉक्टरांनी मागच्या वेळी म्हटलं होतं, पुढचा रिपोर्ट असाच आला तर जूनमध्ये पोरीला पुन्हा शाळेत घाला. आजारामुळे तिची शाळा सुटली होती, छबू त्या शब्दावर जगत होती. म्हणून या वेळी मायने आदल्या दिवशीच नव्हे, त्याच्याही आधीपासून हात आखडला. छबूनेही तक्रार केली नाही, तिला शाळा हवी होती. त्या सकाळी नळी निळी आली. मायने तुकडा बरणीत टाकला आणि नानांना हाक मारून दाखवली. नाना खूश झाले, रोजची सुई रोजच्याएवढी दिली आणि सोनगीरला गेले.

दवाखान्यात सणानंतरची गर्दी. बाहेरच्या बाकावर त्या दोघी बसलेल्या. छबू म्हणाली, ‘माय, माले भूक लागनी.’ माय म्हणाली, ‘थोडी थांब. तपासी लिऊ दे, मंग खाय.’ पदराला तिने भाकरी बांधून आणलेली होती. मग छबूला घाम फुटला. धुळ्याचा तो उन्हाळा, बाकावरच्या सगळ्यांनाच घाम फुटला होता. मग ती काहीबाही बोलायला लागली, आणि मायच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. झोपू दे म्हणून मायने पदराने वारा घातला. नंबर आला तेव्हा ती उठली नाही. डॉक्टरांनी धावाधाव केली, शिरेतून साखर दिली. उशीर झाला होता.

मी त्या वेळी परीक्षेच्या हॉलमध्ये होते. प्रश्न होता, दिलेल्या माहितीवरून मध्य आणि प्रमाण विचलन काढा. मी न चुकता काढलं.

निरोप मिळून संध्याकाळी धुळ्याला पोहोचले तेव्हा डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. सुई दिली होती का, विचारलं. मी म्हटलं, नाना रोज देतात. सकाळी काय खाल्लं होतं? ते मला बाहेर मायने रडता रडता सांगितलंच होतं. डॉक्टर म्हणाले, ‘साखर खाली गेली. फार खाली. सुई आणि उपास एकत्र झाले.’ दाराबाहेर माय बसलेली दिसत होती, भाकरी अजून तिच्या पदरातच होती. ‘हे त्यांना सांगू नका,’ ते म्हणाले. ‘सांगून काय मिळवायचं आहे?’ खरंच काही मिळवायचं नव्हतं. सुई नानांनी दिली होती, उपास मायने घडवला होता. दोन्हीची बेरीज फक्त आमच्या दोघांजवळ राहिली. डॉक्टर काही वर्षांनी गेले, मग माझ्या एकटीजवळ.

नाना त्यानंतर बाजाराला गेले नाहीत. दुकानात बसायचे, पण मापाची ती नजर गेली होती. बायका स्वतःच माप सांगायच्या. मी शिकले, जळगावला शिकवू लागले, आणि दरवर्षी फळ्यावर तीच माहिती मांडत आले, शून्य, चार, शून्य, चार, मध्ये एखादा दोन. कुणाची ते मी कधी सांगितलं नाही. मुलं मोबाइलवर क्षणात उत्तर काढतात. परवा एका कॉलेजात मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं, तिथे एका मुलीच्या दंडावर बिल्ल्यासारखी चकती चिकटवलेली होती. तिने मला तिच्या मोबाइलवर रेघ दाखवली, साखर वर जातेय, खाली येतेय, खाली आली की तो किंचाळतो. छान आहे, मी म्हटलं, आणि प्यायला पाणी मागितलं. छबूच्या वेळी किंचाळायला कुणी नव्हतं. देवाची मर्जी, काळ बदलला, वगैरे लोक म्हणतात. माझ्या गळी त्यातलं काही उतरत नाही.

नाना गेल्यावर माय माझ्याकडे आली. येताना तिने बरणी पातळात गुंडाळून आणली होती. म्हातारपणी तिलाही साखर निघाली, रोजची सुई लागली. मी सकाळी तिच्या बोटाला टोचायची, यंत्र आकडा दाखवायचं, आणि ती विचारायची, ‘निळं शे का लाल?’ मी म्हणायची, ‘पिवळं, माय.’ मग तिला हटकून छबू आठवायची.

‘त्या दिनले तर निळं व्हतं. मी दखं ना. निळंशार व्हतं.’

‘हो माय.’

‘आखाजीपासून ते एकच निळं नळीमा उनं व्हतं. मीच तिले सांभाळं ना व? चांगला रिपोर्ट उना व्हता मनी पोरना.’

‘हो माय,’ मी म्हणायची. ‘तूच सांभाळलंस.’

आणि तिच्यासाठी भाकरी कुस्करायला लागायची, सुईनंतर उशीर नको म्हणून.